खोकी साताऱ्यात, डबं सांगलीत

—न्हाई न्हाई, लावा की हात, चावत न्हाई ते. वायर काढल्याली हाय. आन धुळीचं म्हणाल तर बोट फिरवून बघा, कण सापडायचा न्हाई, रोज पुसत्यात आमचं मालक. तुमी येणार म्हणून न्हवं हां— तुमी येणार हे त्यास्नी ठावंच न्हाई. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडतोय, ह्या खुर्चीत बसा. मिलिटरीची हाय, मालकांच्या संगट तीबी रिटायर झाली, आता कशी झाली ते इचारू नका. पाणी घ्या. बंगळूरावनं एकटंच गाडी चालवत आला? शाबास. नाव काय म्हणाला मगाशी, राजवर्धन व्हय? मी विजयमाला. फोनवर तुमच्याशी इंग्लिशमधी बोलली ती आमची नात, राजनंदिनी. तिनंच फोटू काढून टाकलं त्या तुमच्या ग्रुपवर, जुनं ऑसिलोस्कोप जमवणाऱ्यांच्या. एवढं लोक हायेत व्हय ह्या नादाला लागल्यालं? मला वाटलं हुतं जगात दोनच येडी हायेत, एक ह्या घरात आन एक— ऱ्हाऊ द्या. चहा ठिवते. न्हाई कसं म्हणता, आमच्याकडं न्हाई म्हणल्यावरबी चहा हुतोच, मग न्हाई म्हणून तोंड कशाला दमवायचं.

मालक गेल्यात साताऱ्याला, हयातीचा दाखला द्यायला. पेन्शनवाल्यास्नी दर नोव्हेंबरात जाऊन सांगावं लागतंय, मी जित्ता हाय म्हणून. आता तर मशीन आलंय— अंगठा लावायचा, मशीन सांगतंय माणूस हाय का गेला. गेल्या साली ह्यांचा अंगठाच उठंना. जिंदगी गेली वायरींस्नी कथलाचं डाग देण्यात, चटकं बसून बसून बोटाच्या रेषा पुसल्यात. काउंटरवरची बाई म्हणती, आजोबा, मशीन न्हाई म्हणतंय. तर ह्ये काय म्हणालं? म्हणालं, बाई, मशीनला म्हणावं आमच्या मंडळीला फोन लाव, ती सांगंल मी किती जित्ता हाय ते! तवा आजबी दुपार हुणार त्यास्नी. म्हणूनच तुमाला आजचा दिवस दिला. सरळ सांगते, राजवर्धन, मला आडपडद्यानं बोलाय येत न्हाई— ह्ये यायच्या आत ही खोकी तुमच्या गाडीत पडली पायजेत. पैशाचं तुमी आन राजनंदिनी बघा, मला त्यात पडायचं न्हाई. मला नुसती ही जागा मोकळी पायजे. कशाला म्हंजे? शिलाई मशीन ठिवायचंय मला हितं. न्हाई, शिवाय येत न्हाई. शिकंन की.

ही तिन्ही एकाच खानदानातली बरं का. अमेरिकेत जन्मली, पुण्याच्या कुठल्याशा लॅबात नांदली आन म्हातारपणी लिलावात निघाली. तवा मालक आन त्यांचा धाकटा भाऊ— आकाराम, आमचं भावजी— दोघं मिलिटरीतनं नुकतंच घरी आल्यालं. दोघांचं काम एकच, वायरलेसचं सामान दुरुस्त करायचं. हितं मेढ्याच्या रस्त्याला, घराला लागूनच, हे पत्र्याचं शेड घातलं आन वर्कशाप टाकलं. फलटणकडच्या कारखान्याची कंट्रोलची कार्डं म्हणू नका, कालेजाची यंत्रं म्हणू नका, सगळं हितं यायचं. आन खोकी आणली कशात? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत! खाली उसाचं पाचट हातरलं, त्यावर खोकी निजवली, वर परत पाचट, आन दोन बाजूला दोन भाऊ बसून आलं पुण्यावनं— बाळंतिणीला आणावं तसं, हळू हळू. गावाला वाटलं कारखान्यानं ऊस माघारी धाडला.

खाली हे रिकामं खण दिसत्यात न्हवं, त्यात डबं बसत्यात. तुमी प्लगीन म्हणता, आमच्यात डबं. खोकं म्हंजे नुसतं घर— काच हाय, पंखा हाय, लाईट हाय, पण आत माणूसच न्हाई. डबं घातलं की घर बोलाय लागतंय. डाव्या खणातला डबा रेघंला वर-खाली नाचवतो, उजव्या खणातला तिला आडवी पळवतो. दोघं असलं तरच काचंवर काय दिसंल, एकट्यानं कुणाचंच भागत न्हाई. आन गंमत काय, ह्या खानदानातला कुठलाबी डबा उचला आन कुठल्याबी खोक्यात सरकवा, बसतोय. तक्रार न्हाई, रुसवा न्हाई, ह्या घरचं पाणी मानवत न्हाई असलं काय न्हाई. आमच्या खानदानात निम्मं जरी असं असतं तर मी आज तुमच्या म्होरं बसून— काय म्हणता? डबं कुठायत? हायेत की. कुठं जात्यात. आधी चहा घ्या, निवला की गवती चहाचा वास जातो.

माझं काय देणंघेणं ह्या यंत्राशी म्हणाल, तर एक गोष्ट हाय. हे मधलं खोकं हाय न्हवं, ह्याच्या काचंवर उमटल्यालं चित्र थांबवून ठिवता येतंय. बटण दाबलं की हिरवी रेघ हाय तशी ऱ्हाती. एकदा भावजीनं काय केलं, एक माईक जोडला ह्याला आन मला चुलीम्होरनं उठवून आणलं. म्हणालं, वैनी, दादाचं नाव घ्या. मी म्हणलं, चल, चावट! आमच्यात न्हाई घेत हो नवऱ्याचं नाव, अजूनबी न्हाई घेत मी, उखाण्यात घ्यायचं तेवढंच. तर भावजी म्हणालं, मग उखाणा घ्या, यंत्राला सगळं चालतंय. मला काय सुचलं कुणास ठावं, मी म्हणलं— पाटाला आलं पाणी, मोटारीला आली लाईट. नाथाजीरावांचं नाव घेते, भावजी, माईक धरा टाईट! अवो, ती रेघ अशी उसळली, अशी उसळली काचंवर, आन भावजीनं खटकन दाबलं बटण. म्हणालं, वैनी, बघा, हे दादाचं नाव. हा मधला उंच डोंगर हाय न्हवं, त्यो ‘जी’. मालक तर लाजून पार शेडाच्या भाईर. मी बघतच ऱ्हायले. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं न्हाई म्हणत्यात, मी तर डोळ्यांनी बघितलं. मग ते हळूहळू इरलं. त्या दिवशी सैपाक करपला माझा, आन तिघांनी करपल्याली भाकरी हसत हसत खाल्ली. लय चांगलं दिवस हुतं ते.

मग बिनसलं कुठं? एका शब्दावनं बिनसलं. भावजीची बायकू सुला, तिचं माहेर सांगलीकडं, कवठे महांकाळला. तिकडं डोंगरावर पवनचक्क्या आल्या हुत्या, त्यांच्या कार्डांच्या दुरुस्तीचं रग्गड काम. भावजी म्हणालं, दादा, आपुण तिकडं एक शाखा काढू, आन लॅपटॉपला जोडायचा लहान सेट घेऊ, ह्या भंगारात किती दिवस काढायचं? झालं. ‘भंगार’ म्हणालं. शाखेचं बोलणं ऱ्हायलं बाजूला, लॅपटॉपचं ऱ्हायलं बाजूला, मालकांच्या कानात तेवढा एकच शब्द गेला आन तिथंच बसला, कुसळासारखा. म्हणालं, भंगार हाय व्हय? मग वाटणी घे आन नीग. त्यो पण काय कमी न्हाई, म्हणाला, घेतो. दोघंबी एकाच आईचं दूध प्याल्यालं, एकाला झाकावा आन दुसऱ्याला काढावा.

वाटणीला पंच कोण, तर आमचं गुंडाअण्णा, गुऱ्हाळवालं. आमच्यात रीत हाय, तुमच्यातबी असंल— वाटं करायचं थोरल्यानं, आन आधी उचलायचं धाकट्यानं. म्हंजे थोरल्याला लबाडी करता येत न्हाई. जमीन झाली, भांडी झाली, वर्कशापातल्या पकडी-पान्हं झालं. आन मग मालकांनी ह्या यंत्रांचं वाटं केलं. एकीकडं मांडली तिन्ही खोकी. दुसरीकडं मांडलं सगळं डबं. हसू नका, ऐका तरी! गुंडाअण्णा म्हणालं, वाटं सारखं हायेत का न्हाईत हे मला कसं कळायचं, मी गुळातला माणूस, वजनावर बघू. आन आणला की वो त्यांनी गुळाचा काटा! एका पारड्यात खोकी, एका पारड्यात डबं. खोक्यांकडचं पारडं बसलं खाली, तर डब्यांत वायरींचं बंडल टाकलं. तरी कमी भरलं, तर कथलाची रिळं टाकली, वर दोन पक्कड. काटा सारखा झाल्यावर अण्णांनी मिशीवर हात फिरवला, आन म्हणालं, न्याय झाला. मी चुलीपसनं वरडले, आवं, अशी कुठं वाटणी असती व्हय, एकाला बैल आन एकाला कासरा? तर सगळं म्हणालं, बायकांनी मधी बोलू नये. न्हाई बोलले. आता बघा काय झालंय ते.

भावजीनं डबं उचललं. घमेल्यातनं नेऊन टेम्पोत ठिवलं, एक एक. आन सांगलीकडं गेलं. तवा ही राजनंदिनी रांगत हुती, आता कालेजात जाती.

आता तुमाला म्हणून सांगते, कुठं बोलू नका. मालकांनी ते वाटं मुद्दाम तसं केलं हुतं. येडं न्हाईत ते, त्यास्नी ठावं न्हवतं व्हय की डब्याबगार खोकं म्हंजे कपाट? त्यांच्या मनात काय, की आकाराम हे वाटं बघंल आन म्हणंल, दादा, असलं काय करतोयस, हे असं तुटायचं न्हाई, ऱ्हाऊ दे सगळं एकत्र, मीबी न्हाई जात. मला नंतर बोलून दाखवलं, निजताना, भिताडाकडं तोंड करून. म्हणालं, मला वाटलं न्हवतं गं त्यो उचलंल. आन भावजीच्या मनात काय? भावजीनं मनात धरलं, मी डबं नेतो, म्हंजे दादाला काय दिसायचंच न्हाई, चार दिसांत मागायला येईल, मग त्याला घट्ट धरतो. घ्या! हा म्हणतोय त्यो थांबवंल, त्यो म्हणतोय हा मागंल. तुझं माझं जमंना आन तुझ्यावाचून करमंना. दोघं हुशार, दोघं टेक्निशन, आन दोघास्नी मिळून एवढी साधी वायर जोडता आली न्हाई.

भावजीच्या मनातलं मला कसं कळलं? ते— कळलं असंच. बाहेरनं. सुलाचं तर मी तोंड बघत न्हाई, तुमाला सांगते. तिनंच कान भरलं असणार त्याचं, माहेराला जायची हौस तिला. तशी वाईट न्हाई, पण जरा आगाऊ हाय, आन दळभद्री एवढी की बाजरीच्या भाकरीला तीळ लावायचं झालं तर मोजून लावंल. परवाच मला म्हणत हुती, अक्का, आमच्याकडं औंदा बाजरी— म्हंजे परवा न्हवं, पूर्वी कवातरी— आता काय लपवायचं तुमच्यापसनं, तुमी परकं माणूस. बोलतोय आमी फोनवर. गुरवारी मालक बाजाराला जात्यात, तवा तिचा फोन येतो, आन भावजी शेडात असत्यात तवा माझा जातो. पहिल्यापसनं. अहो, भांडण त्यांचं हाय, आमचं काय वाकडं झालंय? पण हे त्या दोघास्नी कळलं तर आमा दोघींची वाटणी करत्याल, गुळाच्या काट्यावर.

धाकट्या पोराच्या लग्नाला आलं हुतं भावजी. मांडवात पार मागं बसलं, जेवलं, माझ्या पाया पडलं, पोराच्या हातात आहेर दिला. आन मालक समोर आलं तर दोघंबी वर बघाय लागलं, मांडवाच्या कापडाकडं, जसं काय वर पिच्चर लागलाय. दोन म्हाताऱ्या माणसांनी एवढं तोंड वर करून कसं चालायचं, मान धरली हुती मालकांची दुसऱ्या दिवशी. मी तेल लावताना म्हणलं, चांगलं झालं.

तुमी इचारलं मगाशी, खोकी चालू हायेत का. चालू हायेत. तेच तर दुखणं हाय माझं. दर आयतवारी सकाळी आंघुळ करून ह्ये हितं येत्यात, तिन्ही खोक्यांस्नी करंट देत्यात. म्हणत्यात, बंद ठिवली तर आतलं कपॅसिटर मरत्यात, थोडं थोडं पाजत ऱ्हावं लागतंय. ठीक हाय, पाजा. पण मग खुर्ची ओढून म्होरं बसत्यात. काय दिसतंय? काय न्हाई. पंखा घुंग घुंग करतोय, बारका दिवा लागतोय, आन काच काळी ती काळीच. त्या काळ्या काचंकडं बघत बसत्यात, घड्याळात दहा वाजूस्तोर. मी न्ह्यारी आणून ठिवते, ती तशीच निवती. कवा इचारलं, काय बघताय, तर म्हणत्यात, काय न्हाई, पंख्याचा आवाज आयकतोय. न्हाई बघवत मला. लय झालं. म्हणून मीच राजनंदिनीला म्हणलं, टाक फोटू, कुणीतरी न्हेऊ दे. एकदा डोळ्यापुढनं गेली की निदान आयतवार तरी सुटंल त्यांचा. रागावत्याल, चार दिस जेवायचं न्हाईत, पण सुटंल. हे खरं सांगते तुमाला. शिलाई मशीन-बिशीन काय न्हाई.

चला, उचला. हे मोठं आधी. तुमी त्या बाजूनं धरा, मी हिकडनं— का? थांबा का? काय काढताय पिशवीतनं? मला काय नको बाबा, भेटवस्तू-बिस्तू कशाला—

आगं बया.

हे कुठनं आणलंत? थांबा, बोलू नका, मला बघू द्या. ही पिशवी— ही गोधडीच्या तुकड्याची शिवल्याली, आन हा काठ. हा काठ माझ्या जांभळ्या लुगड्याचा हाय. सुलाला ओटी भरताना मी दिल्यालं लुगडं. दोन्ही डब्यास्नी पिशव्या शिवल्यात बाईनं, बंद लावून! तुमी कवठे महांकाळला जाऊन आला? कवा? काल? राजनंदिनीनं नंबर दिला? कार्टी! फोटूत खण रिकामं दिसलं म्हणून तुमी डब्यांचं इचारलं, आन तिनं बेधडक सांगितलं, डबं धाकट्या आजोबांकडं हायेत. आन सुला बघा कशी! काल सांजच्याला बोललोय आमी, घरी पाव्हणा येऊन गेला म्हणून एक अक्षर न्हाई काढलं. आन तुमीबी काय माणूस हाय वो! मगापसनं मी सुलाला आगाऊ म्हणते, दळभद्री म्हणते, आन तुमी तिच्याच हातचं जेवून बसलायसा. काय जेवला? बाजरीची भाकरी? तीळ हुतं? भरपूर? बघा. मी म्हणलंच की, वाईट न्हाई ती.

आण हिकडं. आणा म्हणते. घालून बघू. आधी वायर लावू नका, डबा घालताना करंट नको, एवढं कळतंय मला. हा डावीकडं. हां, सरकवा— खालची कडी खट् म्हणाली की बसला. हा उजवीकडं. बसला! अवो, एवढ्या सालांनी गेला खणात आन कसा बसला बघा, जसा काय सकाळीच काढला हुता. तुमी काय म्हणताय, डब्यांच्या मागचं जोडणीचं दात सोन्यासारखं घासल्यात? भावजीनंच घासलं असत्याल. म्हंजे तिकडं त्यो डबं घासतोय, आन हिकडं हा खोक्याला करंट पाजतोय. काय म्हणायचं ह्यास्नी! लावा आता वायर. दाबा.

दिवा लागला. पंखा... लागला. कळ काढा जरा, म्हातारं हाय, डोळं उघडाय येळ लागतोय.

न्हाई काय दिसत. न्हाई. मरू दे. एवढी सालं पडून हुतं, काय तरी मेलं असंल आत. उगंच आशा— कुठलं बटण? हां! हां, ते! अवो त्याला आमच्यात हाळीचं बटण म्हणत्यात. तुमी काय म्हणता, बीम फाईंडर? हे दोघं भाऊ म्हणायचं हाळी. भावजीनं मला सांगितलं हुतं, वैनी, रेघ दिसली न्हाई म्हंजे मेली असं न्हाई, ती काचंच्या भाईर कुठंतरी गेल्याली असती, वर न्हाईतर खाली. हाळी द्यायची, म्हंजे कुठल्या अंगाला हाय ते कळतंय, मग घ्यायची वढून मधी. दाबा, दाबा. खाली! खाली दिसली, पार खाली कडेला! आता फिरवा ते, हळू, हळू फिरवा... आली. आली बघा. आई गं.

काय सरळ रेघ हाय.

पुसते, पुसते, डोळ्यात काय तरी गेलं. पंख्यानं धूळ— हो, मीच म्हणले हुते कण न्हाई म्हणून. असू द्या. आता मला सांगा, शब्दाला शब्द सांगा, भावजी काय म्हणालं तुमाला? डबं इकणार म्हणालं? न्हाई? अजिबात न्हाई? मग हे दोन कशाला दिलं? ‘नेऊन घालून बघा, खोकी चालू हायेत का, आन मला फोन करून सांगा.’ एवढंच? बाकी काय इचारलं न्हाई? किंमत, काय? न्हाई. आन सारखं काय म्हणत हुतं, ‘चालू असंल का वो, एवढ्या सालांनी चालू असंल का?’ राजवर्धन, तुमी शिकल्यालं हायसा, पण तुमाला कळलं न्हाई. खोक्याचं इचारत न्हाई त्यो. त्याचा भाऊ चालू हाय का इचारतोय. तोंडानं इचारता येत न्हाई म्हणून तुमच्या हातात डबं देऊन धाडलंय, येड्यानं.

न्हाई. बंद करू नका. हात मागं घ्या. खोकी न्हाई इकायची. हो, मीच बोलावलं तुमाला, मीच म्हणलं उचला, आन आता मीच म्हणते ठिवा खाली. बंगळूरावनं आलाय, पेट्रोल जाळलंय, मला दिसतंय सगळं. माझ्यावर राग धरा, खुशाल धरा. एक पायली हातसडीचा तांदूळ बांधून देते, मेढ्याकडचा, असला बंगळूरात मिळायचा न्हाई. आन डबं? डबं माघारी द्यायचा शब्द दिलाय तुमी? चांगलं केलं. पण म्हाताऱ्या बाईनं हिसकावून घेतल्यावर तुमी तरी काय करणार? तसंच सांगा. वाटंत थांबून फोन करा भावजीला, म्हणावं, खोकं चालू हाय, रेघ सरळ हाय, पण डबं वैनीनं काढून घेतल्यात. म्हणावं, देत न्हाई म्हणती. पायजेत तर सोता या म्हणती, आन मोकळ्या हातानं आला तर पायरी चढू देणार न्हाई, सगळं डबं घेऊन या आन सुलाला घेऊन या, आन यायचं ते आयतवारीच या. एवढं सांगा. हसताय काय, ध्यानात ऱ्हाईल न्हवं? घ्या, तांदूळ धरा.

गप. स्कूटर.

एवढ्यात कसं आलं? अंगठा उठला वाटतं औंदा! आता काय— म्होरल्या दारानं नको, हिकडं, हिकडं या मागल्या दाराकडं. न्हाई, खोकं बंद नका करू म्हणलं न्हवं, ऱ्हाऊ द्या तसंच. तुमची गाडी रस्त्याला हाय, त्यास्नी वाटंल कुणीतरी मेढ्याला चाललंय. या हितं, भिताडाच्या आडाला. जरा थांबा. एवढं बघू द्या मला. चपला काढल्या. पिशवी ठिवली. पाणी पिणार आता, रोजचं हाय... न्हाई गेलं माठाकडं. पंख्याचा आवाज आला त्यास्नी. आयतवार न्हाई आज, मग आवाज कसला म्हणत असत्याल. आत गेलं. उभं ऱ्हायलं.

उभंच हायेत.

...आयकलं? आयकलं का तुमी? ‘आक्या!’ म्हणालं. अवो, राजनंदिनी रांगत हुती तवापसनं नाव न्हाई घेतलं ह्या माणसानं, माझ्या म्होरं न्हाई, झोपंत न्हाई— त्यास्नी वाटतंय भावजीच आल्यात. डबं दिसलं खणात, त्यास्नी वाटतंय आकाराम घरात हाय. सैपाकघरात गेलं बघाय. मोरीत बघत्यात. ‘आक्या, कुठं लपलायस रं? भाईर ये की गाढवा!’ हसत्यात वो. हसत हसत हुडकाय लागल्यात, ल्हानपणी हुडकत असत्याल तसं. दाराआड बघितलं. आता मी ह्यास्नी काय सांगू? कुठल्या तोंडानं सांगू, की न्हाई आला म्हणून?

जावा तुमी, राजवर्धन. मघाचा निरोप सांगू नका. वैनी देत न्हाई, मोकळ्या हातानं येऊ नका, आयतवारी या, असलं काय म्हणजे काय सांगू नका. गाडीत बसल्या बसल्या फोन लावा आन नुसतं म्हणावं, तुमचा दादा तुमाला घरभर हुडकत फिरतोय. तेवढंच. बास.

—आले, आले वो! हितंच हाय मी, मागल्या दाराला!— जावा की आता, बघताय काय. जावा.